पंचेचाळीस ते सत्तर

माझी कागदावरची जन्मतारीख १ जून १९५५. आई सांगायची की पोळा होऊन गेला होता आणि बाजरी निसवली होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. आमच्या जिल्ह्यात त्या काळी बहुतेक मुलांची तीच लिहिली जायची. म्हणून दरवर्षी ३१ मे या एकाच दिवशी आमच्याकडे कितीतरी शिक्षक निवृत्त होतात. मी ३१ मे २०१३ ला झाले.

आता सत्तरी झाली. मी सावेडीत राहते. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं. माझ्या भाचीला यंदा शेहेचाळिसावं लागलं. ती फोनवर म्हणाली, "मावशी, पन्नाशीच्या पुढं काय होतं ते कुणी धड सांगतच नाही. सगळ्या नुसत्या 'सहन करायचं' म्हणतात." तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या बायकांसाठी जसं झालं तसं क्रमाने लिहिते.

पंचेचाळिशीत मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. नगरहून करंजी घाट, तिसगाव असा एसटीचा रस्ता. हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दसरा झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कारखान्यांवर जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. गावात मागे राहायची ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. पुढे सरकारने हंगामी वसतिगृहं सुरू केली, त्यात मुलांच्या जेवणाची सोय झाली. तरी रात्री मुलांना कुशीत घेणारी आजीच होती.

त्या आज्यांपैकी एक माझ्याच वयाची निघाली. शाळेच्या कागदावर अंगठा करताना मी सहज वय विचारलं, तेव्हा कळलं. तिचे समोरचे दात गेले होते, पाठ वाकली होती. पाच नातवंडं तिच्याकडे होती. गाव तिला म्हातारीच म्हणायचं आणि तीही स्वतःला म्हातारी म्हणायची. मला मात्र कुणी म्हातारी म्हणत नव्हतं, कारण मला पगार होता, चप्पल होती, डोक्यावर मोळी नव्हती. वय सगळ्यांचं सारखं चालत नाही हे मला तिच्याकडे बघून कळलं.

तिला मी एकदा विचारलं की कोयता कधी सोडला. ती म्हणाली, "बाई, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता पाय कापाया लागला. त्याच दिवशी मालकाला सांगितलं, पुढच्या साली सुनबाईला न्या. मी पोरं बघते." उचलीचे पैसे कमी होणार होते. घरात भांडण झालं. ती बधली नाही. टँकर आला की ती पूर्ण हंडा उचलत नसे, अर्धी घागर घेऊन दोनदा जायची. तिला कुणी डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. आपल्याच्याने काय होतं आणि काय नाही हे तिने स्वतः ठरवलं होतं आणि उघड सांगितलं होतं. मी मात्र त्याच वर्षी सुई ओवता येत नाही हे घरात लपवत होते.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळीचा त्रास सुरू झाला. आधी दोन-दोन महिने यायची नाही, मग आली की पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. रात्री अंगातून वाफा निघायच्या. थंडीत पंखा लावला की हे चिडायचे. झोप नसल्याने वर्गात मुलांवर ओरडायचे आणि मग वाईट वाटायचं. आमच्या शाळेत तेव्हा बाईमाणसाला जाण्यासारखी सोय नव्हती. एसटीत उभं राहून घरी यायचं, साडीची काळजी करत. हे मी कुणाशी बोलले नाही. मुख्याध्यापकांना डोकं दुखतं म्हणून रजा मागायचे.

शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथे पहिल्याच दिवशी पिशवी काढून टाका म्हणाले. नात्यातल्या चार बायकांनीही तेच सांगितलं, त्यांनी काढली होती. माझ्या शाळेच्या गावातल्या ऊसतोड बायकांपैकी तर कित्येकींची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली होती, कारण पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नव्हता. पुढे २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांमध्ये १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. माझ्या वेळी हे आकडे कुणी मोजलेले नव्हते.

मी ऑपरेशनची तारीख घेऊन आले होते. मधल्या काळात जामखेड तालुक्यात मावशीकडे लग्नाला गेले. तिच्या गावात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या प्रकल्पातली आरोग्य कार्यकर्ती होती. आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडच्या खेड्यांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना हे काम शिकवलं. त्यांच्या कामाला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही बाई साठीच्या पुढची असेल. मावशीने तिला बोलावलं. तिने माझी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाली, "आधी रक्त तपासा. मग सोनोग्राफी करा. गाठ असंल तर काढा. नसंल तर उगं कशाला काढता? दुसऱ्या डॉक्टरला दाखवा." चारचौघात ती पाळीबद्दल एवढ्या सरळ बोलली की मला आधी लाज वाटली आणि मग बरं वाटलं.

हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघालं. गाठ नव्हती. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांत रक्तस्राव कमी झाला आणि दीड-दोन वर्षांत पाळी गेली. भाचीला मी एवढंच सांगते: काहींना पिशवी काढावीच लागते, पण दुसरं मत घेतल्याशिवाय काढू नकोस. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठ. त्यात वाट बघायची नसते.

याच वर्षांत सासूबाई पडल्या. त्या अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. पहाटे मोरीत पाय घसरला. मोरीत दिवा नव्हता, धरायला काही नव्हतं, फरशी गुळगुळीत होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत गोळा बसवला. दवाखान्यातून घरी आणलं आणि खरी अडचण सुरू झाली. संडास भारतीय पद्धतीचा, बिछाना जमिनीवर, आणि मी सकाळी सातला घराबाहेर.

पहिल्या महिन्यात त्यांच्या पाठीला जखम झाली. कूस दर दोन तासांनी बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. मग हवेची गादी आणली. कमोडची खुर्ची आणली, वॉकर आणला. लोखंडी खाट भाड्याने मिळते हे शेजाऱ्यांकडून कळलं. दिवसा एक बाई ठेवली. नणंद श्रीरामपूरहून येऊन महिनाभर राहिली. मी माझी बदली नगर तालुक्यात करून मागितली, ती पुढच्या मे महिन्यात मिळाली.

पण माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. एकदा डॉक्टर घरी आले होते. हे, मी, नणंद तिघंही बोलत होतो. जेवण किती जातं, झोप लागते का, शौचाला होतं का. डॉक्टर गेल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. संध्याकाळी मी केस विंचरायला बसले तेव्हा म्हणाल्या, "पाय मोडलाय, तोंड नाही मोडलं. मला कुणी काही विचारलंच नाही."

मी त्या दिवसापासून डॉक्टरांना सांगायला लागले, "त्यांनाच विचारा." त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आमच्या यादीत नव्हत्याच. मुलाने कमोडवर बसवलेलं त्यांना नको होतं, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नव्हत्या. आम्ही जेवण जात नाही म्हणून औषध देत होतो, त्यांना भाकरी दुधात कुस्करून हवी होती आणि ताटात भात येत होता. खाट दारासमोर हवी होती, रस्त्यावरचं कोण आलं-गेलं दिसावं म्हणून. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागला नाही. त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती, त्यात ओवाळणीचे आणि भावाने दिलेले पैसे. ते आम्ही पोस्टात त्यांच्या नावावर टाकले आणि पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं. नातीच्या वाढदिवसाला त्या स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला लावायच्या. त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला असायचा.

त्या वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालल्या. पुढे दोन वर्षांनी, २००९ च्या पावसाळ्यात, गेल्या. त्या असतानाच आम्ही मोरीत दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे बसवून घेतले होते, खरबरीत फरशी टाकली होती, रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला होता. तेव्हा मी चौपन्नची होते. त्या दांड्याला धरून आज मी रोज उठते.

निवृत्तीच्या आधी दीड वर्ष मी सेवापुस्तक बघायला मागितलं. एका पानावर माहेरचं नाव, एका पानावर सासरचं, आणि एका वेतनवाढीची नोंद सुटलेली. नावबदलाचं राजपत्र शोधून जोडलं, जुन्या शाळेतून दाखले आणले. लिपिकाने खूप मदत केली. तरी सगळं जुळायला बरेच महिने गेले. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंनी शेवटच्या महिन्यात सेवापुस्तक पाहिलं, त्यांचं निवृत्तिवेतन सुरू व्हायला वर्षाच्या वर लागलं. नोकरी करणाऱ्या प्रत्येकीने पन्नाशीतच ते पुस्तक एकदा पानन् पान बघावं. साहेब कोण आहेत यावर थांबू नये, अर्ज देऊन बघायला मागावं.

३१ मेला निरोप समारंभ झाला, शाल-नारळ मिळालं. पंधरा जूनला शाळा उघडल्या. त्या सकाळी मी सवयीने पाचला उठले, डबा भरायला घेतला आणि थांबले. नंतरचे काही महिने मी दुपारी रडायचे. हे नागापूरच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून दोन वर्षं आधीच निवृत्त झाले होते. आता दोघंही घरात. डाळ किती शिजवायची इथपासून त्यांना मत फुटलं होतं. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांसमोर एवढा वेळ कधी बसलोच नव्हतो. शेजारची मंडळी म्हणायची, "आता काय, आराम." मला आराम नको होता. मला सकाळी दहा वाजता कुणीतरी कुठेतरी वाट बघत असावं असं वाटत होतं.

ते मिळालं ज्येष्ठ नागरिक संघात. आमच्या भागातला संघ बागेतल्या एका छोट्या सभागृहात भरतो. हे म्हणाले, "मी म्हाताऱ्यांत बसायला येणार नाही." मी एकटीच गेले. तिथे मला वाचनवर्गाचं काम दिलं. ज्यांना दिसत नाही त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. त्या तासाची माणसं खरोखर वाट बघायची. वर्षभराने हेही यायला लागले, कॅरमसाठी.

संघात माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी माणसं होती. मी त्यांना विचारत राहायचे की तुम्ही काय आधी केलं असतं तर बरं झालं असतं. शिक्षिकेची सवय. उत्तरं ऐकून मला पक्कं वाटायला लागलं की म्हातारपणाची निम्मी कामं पंचेचाळीस ते साठ या वयातली आहेत. तेव्हा अंगात जोर असतो, हातात पैसा येत असतो आणि आपलं म्हणणं घरात ऐकलं जातं. नेमकी तीच वर्षं आपण 'अजून वेळ आहे' म्हणून घालवतो.

पारनेर तालुक्यातले एक शेतकरी आजोबा तिथे यायचे, मुलाकडे नगरला राहायला आलेले. त्यांनी साठीलाच दोन मुलांत वाटणी करून दिली होती, पण सातबाऱ्यावर एक एकर आणि विहिरीतला हिस्सा स्वतःच्या नावावर ठेवला होता. "पोरं चांगली आहेत," ते म्हणायचे, "पण एक एकर असला की मी त्यांना सल्ला देतो. नसता तर मागणं झालं असतं."

एका काकूंचं उलट झालं होतं. नवरा गेल्यावर महिन्याभरात त्यांनी राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. प्रेमाने दिलं. काही वर्षांनी त्याच घरात त्यांना मागची खोली मिळाली आणि मग तीही राहिली नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. त्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, वकील लावावा लागत नाही. मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. बक्षीसपत्र सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते रद्दही करून घेता येतं. काकूंच्या कागदात ती एक ओळ नव्हती. त्यांना निर्वाहखर्च मिळाला, घराचा वाद लांबला. मुलाविरुद्ध अर्जावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता. मी शेजारी बसले होते. घर द्यायचं असेल तर आपल्या मागे मिळेल असं मृत्युपत्र करावं. द्यायचंच ठरलं तर अट लिहून घ्यावी. यात मुलांवर अविश्वास नाही, असं माझं मत आहे. कागद नीट असला की पुढे मुलांनाही गावात मान खाली घालावी लागत नाही.

तिसरे एक निवृत्त अधिकारी. ऐकू कमी येत होतं. यंत्र लावायला दहा वर्षं नाही म्हणाले. हळूहळू बोलणंच कमी झालं. घरचे समजले की विसरभोळे झालेत. शेवटी सुनेने तपासणी करून यंत्र आणलं. ते मला म्हणाले, "नातू माझ्याशी बोलतच नव्हता असं मला वाटायचं. तो बोलत होता." यानंतर मी माझे कान तपासून घेतले. डाव्या कानाला थोडं कमी आहे. यंत्र घेतलं. सवय व्हायला दोन महिने गेले, पहिल्यांदा भांड्यांचा आवाज नको व्हायचा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हे गेले. झोपेतच. त्याबद्दल मी इथे जास्त लिहू शकत नाही.

त्यानंतर काय झालं ते मात्र लिहिते, कारण ते प्रत्येकीवर येतं. बँकेचे सगळे निरोप त्यांच्या मोबाइलवर यायचे. मुलाने सिम बंद करायचं म्हटलं, शेजारच्या मुलीने वेळेवर अडवलं. तो नंबर बंद झाला असता तर ओटीपी आला नसता आणि काहीच हलवता आलं नसतं. आमचं बचत खातं दोघांच्या नावे होतं, त्यामुळे ते लगेच माझ्या हातात आलं. तीन ठेवींपैकी दोन ठेवींना माझं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं होतं, त्या मृत्यूचा दाखला आणि आधार देऊन मिळाल्या. तिसरीला नाव लावायचं राहिलं होतं. त्या एकीसाठी वारसाची कागदपत्रं, मुलांची संमती, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार असं करत वर्ष गेलं. रक्कम तिन्हींत सारखीच होती.

कंपनीचं त्यांचं निवृत्तिवेतन ईपीएस-९५ चं होतं, महिना दोन हजारांच्या थोडं वर. विधवेला त्याच्या निम्मं मिळतं, हजाराच्या खाली जात नाही. रक्कम लहान म्हणून मी अर्ज करणार नव्हते. संघातल्या एकांनी करायला लावला. त्यांचं म्हणणं होतं की एवढी वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांनी ते मिळवलंय, ते सोडायचं नाही. दर महिन्याला ते हजार-अकराशे जमा होतात. मी ते वेगळे ठेवते.

विजेचं मीटर, गॅस, घरपट्टी, सगळं त्यांच्या नावावर. एकेक करून बदललं. आधी दोघं असताना हे करता आलं असतं, पण असं बोललं की अभद्र बोलतेस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

पुढच्या वर्षी करोना आला. मुलगा चाकणला, मुलगी नाशिकला, मी एकटी. संघ बंद. शेजारच्या मुलीने खिडकीतून सांगून सांगून मला व्हिडिओ कॉल, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवणं, मोबाइलवरून पैसे देणं शिकवलं. मी प्रत्येक पायरी वहीत लिहून घेतली. पैसे देण्यासाठी वेगळं छोटं खातं ठेवलं, मोठी रक्कम त्या खात्यात ठेवत नाही. फोनवर कुणी बँकेतून बोलतो म्हणाला की ठेवून देते. संघातल्या दोघांचे पैसे असे गेले आहेत, आणि दोघंही हुशार माणसं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. माझे बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. वयाने रेघा झिजतात. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला होतो, तो घरबसल्या केला. संघातल्या बऱ्याच जणांचा मीच करून देते.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. यंदा कागदावर सत्तर पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं कार्ड काढलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. माझी आधारवरची तारीख बरोबर होती, म्हणून मिनिटांत झालं. संघातल्या चौघींच्या आधारवर भलतीच तारीख होती, त्यांना आधी ती दुरुस्त करावी लागली. प्रत्येक दवाखाना यात नसतो. गरज पडायच्या आधीच जवळचा कोणता आहे ते विचारून ठेवावं. अगदीच एकट्या पडलेल्यांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा फोन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून मी नवरात्रात मोहटादेवीला जाते, येताना जुन्या गावात उतरते. माझ्या वयाची ती आजी गेली. तिची सून आता पन्नाशीला आलीय. तिने अजून कोयता सोडलेला नाही. गुडघे बांधून जाते. मी तिला सासूचं सांगितलं, अर्ध्या घागरीचं. ती म्हणाली, "बाई, सासूच्या मागं मी होते. माझ्या मागं कोण आहे?" तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, मुलगा शिकतोय. मला उत्तर देता आलं नाही. श्रावणबाळ योजनेचं मानधन पासष्टीनंतर मिळतं. पन्नास ते पासष्ट या वयात तिने काय करायचं, हे माझ्या भाचीच्या प्रश्नाहून मोठं आहे आणि त्याचं उत्तर एकट्या बाईकडे मागणं बरोबर नाही असं मला वाटतं.

या दिवाळीत मुलं आली तेव्हा दोघांना समोर बसवलं. मृत्युपत्र केलंय हे सांगितलं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. मी डॉक्टरांचा दाखला जोडून नोंदही करून घेतली. कपाटातली फाइल कुठे आहे, मोबाइलचं कुलूप काय आहे, कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि नळ्या लावून नुसतं ठेवायचं नाही, हे सांगितलं. मुलगी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता परत सांग. मी लिहून घेते." तिला सत्तेचाळिसावं चालू आहे. सांगून झाल्यावर मी तिला तिच्या ठेवींना नॉमिनी लावलेत का विचारलं. दोन लावायच्या राहिल्या होत्या.

मुलगा पुण्याला चल म्हणतो. मी सध्या नाही म्हटलंय. वरच्या दोन खोल्या एका नर्स मुलीला भाड्याने दिल्या, रात्री घरात कुणीतरी असतं. माझी खाट खाली आणली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. तोवर संध्याकाळचा वाचनवर्ग दुसऱ्या एका बाईंकडे दिलाय, त्या गेल्याच ३१ मेला निवृत्त झाल्या.